इंदायच्या एकशे बारा फेऱ्या

“इंदाय कोण आहे?”

लाँड्रीच्या दारात उभा असलेला तरुण नखशिखान्त भिजला होता आणि त्याच्या खांद्यावर तांदळाचं पोतं होतं. इस्त्रीच्या वाफेआडून रोव्हेलिननं मान वर केली. मागे घड्या घालणाऱ्या मनांग पात्रिंगनंही, म्हणजे सगळ्यांच्या थोरल्या ताईनंही, केली. कपडे न्यायला आलेल्या दोन बायका वळल्या, आणि दारात छत्री मिटणारी कॉलेजातली मुलगी म्हणाली, “मी?”

तरुण गडबडला. “सगळ्याच...?”

“मनिलाचे दिसता,” रोव्हेलिन हसू दाबत म्हणाली. “आमच्या इलोइलोत लाडानं हाक मारली की प्रत्येक पोरगी इंदायच. तुम्हाला कुठली हवी?”

“जी महिन्याभरात एकशे बारा वेळा कपडे घेऊन आली... ती. बक्षीस आणलंय.”

“एकशे बारा?” मनांग पात्रिंग ओरडली. “बाई गावाचे कपडे धुते की काय!”

दुकान खदखदून हसलं. तो मात्र हसला नाही. पोतं कोपऱ्यात टेकवून तो काउंटरशी आला. त्याचं नाव जुनेल. या लाँड्रीच्या साऱ्या दुकानांच्या मुख्य कचेरीत तो नुकताच लागला होता. कुठलं गिऱ्हाईक कितव्यांदा आलं – पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा – हे प्रत्येक दुकानासाठी दाखवणारा कॉम्प्युटरवरचा अहवाल त्यानंच बनवला होता.

“त्यावरूनच मालकीण मॅडम फेलिसा शनिवारी एक दुकान बंद करणार आहेत,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “तुमच्याकडे ही इंदाय सोडली, तर कुणी परत येतच नाही असं दिसतंय. सगळ्यांच्या नावापुढे एकच आकडा. एक.”

रोव्हेलिननं इस्त्री दाणकन ठेवली. “परत येत नाही? रोबेर्तोकाका दर सोमवारी येतात!”

“रोबेर्तो एकदाच आलेत. मग बोयेत आले, मग बेर्तिंग, मग टोटो...”

“अहो, ते सगळे रोबेर्तोकाकाच! बायको बोयेत म्हणते, मित्र बेर्तिंग म्हणतात. त्या दिवशी जे तोंडात येईल ते नाव सांगतात! आणि तुमची ती इंदाय म्हणजे गावातल्या सगळ्या पोरी!”

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. कुठल्याशा क्षणी दोघांनाही हसू फुटलं... आणि हसताना त्याच्या पापणीवरून पावसाचा थेंब घरंगळला, तो रोव्हेलिनला उगाचच दिसला.

दुसऱ्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन आला. “नावं सोडून देऊ,” म्हणाला. “कपडे तयार झाले की तुम्ही फोन करता ना? मग फोन नंबरवरून माणूस ओळखू.”

ती नंबर वाचत गेली, तो जोडत गेला. अहोजाहो केव्हा गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

“कपडे टाकायला आला ती एक फेरी,” तो म्हणाला, “आणि न्यायला आला ती दुसरी?”

“छे! कपडे तेच. एकच फेरी.”

“आणि राहिलेला मोजा न्यायला परत आला तर?”

“तरी तीच.”

“पण समजा... काउंटरवरच्या मुलीशी बोलता यावं म्हणून तो मोजा मुद्दाम विसरला असेल तर?”

तिचं बोट नंबरावरच थबकलं. “असं कुणी करतं का?”

“मी केलं असतं.”

मागे मनांग पात्रिंगला जोराचा खोकला आला.

शुक्रवारी संध्याकाळी त्यानं बटण दाबलं. पडद्यावर रोबेर्तोकाका एकच झाले होते, आणि त्यांच्यापुढे आकडे चढत होते – एक, दोन, तीन, चार... खाली दुसरं नाव, तिसरं, सगळी परत परत येणारी माणसं! रोव्हेलिननं आनंदानं किंकाळी फोडली आणि त्याचा दंड घट्ट धरला. सोडायचं मात्र... दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

शनिवारी सगळी दुकानं सांभाळणाऱ्या बायका कचेरीत जमल्या, त्यांत रोव्हेलिनही होती. जुनेलची नोकरी अजून पक्की नव्हती. तरी तो उभा राहिला.

“मॅडम, ते दुकान चांगलं चालतंय. मोजण्यात मी चुकलो.”

“म्हणजे इतके दिवस मी तुझ्या चुका वाचत होते?”

“हो, मॅडम.”

मॅडमनी चष्मा लावला, नवे आकडे बघितले, खूप वेळ बघितले.

“दुकान चालू राहील,” त्या म्हणाल्या. “आणि तू, जुनेल... सोमवारपासून बाकीच्या दुकानांतल्या गिऱ्हाइकांची नावं तपास. कंटाळा करशील तर खबरदार!”

जिना उतरताच रोव्हेलिननं त्याचे दोन्ही हात धरले. “वेडा आहेस का? नोकरी गेली असती तुझी!”

“दुकान गेलं असतं तर... तू कुठे भेटली असतीस?”

ती लाल झाली. तोही लाल झाला. “म्हणजे... मला म्हणायचं होतं... की...”

“काय?”

“की... भूक लागलीय.”

ती खळखळून हसली आणि त्याला ओढत ला पाझच्या बाजारात घेऊन गेली. बाचोयच्या गरम सुपाचे वाडगे समोर आले, शेवयांवरून वाफ निघत होती. जुनेलनं चमचा तोंडाशी नेला.

“जुनेल,” ती म्हणाली, “मला तू आवडतोस.”

चमचा तसाच तोंडात गेला. त्याचे डोळे भरून आले.

“अरे, रडतोस काय?”

“जीभ भाजली,” तो कसाबसा म्हणाला. “पण मलाही... तू. खूप.”

तिनं आपला थंड पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला. पेल्याबरोबर गेलेला हात तिनं परत घेतला नाही.