ओल्या गिलाव्यातला चेहरा

पिरेनीजच्या या दरीत चर्चची भिंत रंगवताना आम्ही एक नियम पाळतो. पुण्यवंत समोरून काढायचे, दोन्ही डोळे दिसतील असे. पापी मात्र बाजूने, एका डोळ्याचा. त्याची नजर भाविकांवर पडता कामा नये. माझे वडील असंच काढायचे, मीही तेच करतो. यात चमत्कार काही नाही. चुना, गेरू आणि सवय.

त्या वर्षी आमच्याच गावच्या चर्चमध्ये जगाच्या अंती ख्रिस्त करतो तो शेवटचा न्यायनिवाडा रंगवत होतो. मधोमध ख्रिस्त, मानाप्रमाणे सगळ्यांहून मोठा. त्याच्या उजवीकडे तारलेल्या पुण्यवंतांची रांग. काम संपत आलं तेव्हा आई परांचीखाली येऊन उभी राहिली.

"गिलाबेर, त्या रांगेत आपल्या ओलिबाला घे."

ओलिबा माझा थोरला भाऊ. मागच्या हिवाळ्यात त्याने नदीत जीव दिला. जीव देणं पाप, म्हणून पाद्रीबाबांनी त्याला दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरायला लावलं. तेव्हापासून आईच्या घशाखाली धड घास उतरत नव्हता.

"आई, पाद्रीबाबांनी ओळखलं तर?"

"त्यांना समोरची शेळी ओळखू येत नाही, भिंतीवरचा माणूस काय ओळखणार! तू घे रे त्याला."

शेवटच्या कोपऱ्यात ताजा गिलावा थापून घेतला आणि तो ओला असतानाच ओलिबाला काढलं. रुंद कपाळ, पुढे आलेले कान, दोन्ही डोळे समोर.

सकाळी त्याने तोंड फिरवलेलं होतं. एकच डोळा दिसत होता.

गिलावा करणारा मिरो हसला. "काल द्राक्षारस जरा जास्तच झाला वाटतं, रंगारीबुवा?"

मला राग आला. कोणीतरी मागाहून रंग चोपडला असणार. पण वाळल्या गिलाव्यावर लावलेला रंग ओल्या बोटाने निघतो. मी अंगठा ओला करून जोराने घासला. अंगठा स्वच्छ राहिला. म्हणजे भिंत ओली होती तेव्हाच हा चेहरा असा काढलेला होता. मिरो हसायचा थांबला.

आम्ही तेवढा तुकडा खरवडला, नवा गिलावा केला. मी पुन्हा समोरून चेहरा काढला. मिरो शेजारी बसून बघत होता. दुसऱ्या दिवशी ओलिबाने पुन्हा तोंड फिरवलं होतं.

"राहू दे आता," मिरो हळूच म्हणाला. "त्याला नाही यायचं त्या रांगेत."

"मग आईला काय सांगू?"

त्याने पुन्हा गिलावा थापून दिला. मी तिसऱ्यांदा चेहरा काढला, समोरूनच. काढताना ओलिबाला चक्क विनवलं, 'दादा, तिच्यासाठी तरी.' मग परांची उतरवली आणि चर्च देवाला अर्पण करायच्या अभिषेकाच्या दिवसापर्यंत आत पाऊल टाकलं नाही.

त्या दिवशी गाव लोटलं होतं. मेणाचा आणि दमट लोकरीचा वास कोंडला होता. मी मान खाली घालून उभा होतो. आईने माझा दंड घट्ट धरला.

"बघतोय रे माझ्याकडे! दोन्ही डोळ्यांनी!"

मी वर पाहिलं. खरंच, ओलिबा सरळ आमच्याकडे बघत होता. माझा जीव भांड्यात पडला.

"पण गिलाबेर," आई म्हणाली, "बाकीच्यांनी तोंडं का फिरवलीत?"

सगळ्या रांगेने.

संतांनी. देवदूतांनी.

मिरोने छातीवर क्रूसाची खूण केली.

मधोमध बसलेल्या ख्रिस्ताचाही मला एकच डोळा दिसत होता.