न्यूट्रलमधला घाट

टाकीत दीड लिटर पेट्रोल. दवाखाना एकतीस किलोमीटरवर.

ठिणगीने, म्हणजे केतकीच्या तळहाताएवढ्या यंत्रमानवाने, गणित सांगितलं, "आजोबांच्या सवयीने गाडी सव्वीस किलोमीटर जाईल."

"माझ्या सवयीने?" आजोबांनी चष्मा काढला. त्यांनी चाळीस वर्षं रॉकेटचं इंधन बनवलं होतं.

साल २०६४. वादळाने वीज गेलेली, विजेच्या गाड्या ठप्प, ड्रोन जमिनीवर. उरली ती आजोबांची जुनी पेट्रोल गाडी. केतकीच्या मांडीवर सर्पविषावरच्या औषधाची पेटी होती. घाटाखालच्या त्या दवाखान्यात सगुणामावशी होत्या; शेळ्या चारताना त्यांना घोणस चावली होती.

टप.
"गाडीच्या टपावरची ती शिडी उतरवा," ठिणगी म्हणाला.
"बारा वर्षं तिथेच आहे."
"बारा वर्षं हवेशी भांडतेय." हवारोध (पुढे जाणाऱ्या वस्तूला हवा मागे रेटते ते) तोडायला पेट्रोल लागतं. शिडी अंगणात राहिली.

चाकं.
केतकीने पंप मारला. मऊ टायर प्रत्येक फेरीत चेपतो, आणि त्या चेपण्यातच ताकद वाया जाते.

पाय.
"अ‍ॅक्सिलरेटर हळू दाबा," ठिणगी म्हणाला. "पुढे वळण दिसलं की आधीच सोडा. करकचून ब्रेक लावला की जाळलेल्या पेट्रोलची नुसती उष्णता होते."

नवं गणित: तीस किलोमीटर. एक कमी.

घाट आला. आजोबांनी गाडी सफाईने न्यूट्रलमध्ये टाकली. "उतारावर पेट्रोल वाचवायचं तर असं. माझ्या वडिलांनी शिकवलंय."

केतकी गाडीच्या पडद्यावरचा पेट्रोल-खर्चाचा आकडा बघत होती. "आजोबा, इंजिन अजून पितंय."

"थोडं पिणारच."

"गिअरमध्ये टाकून बघा ना."

त्यांनी गिअर टाकला, पाय उचलला. आकडा शून्य.

आजोबांनी दोन वळणं आकडा शून्यावरच राहतो का ते पाहिलं. मग म्हणाले, "न्यूट्रलमध्ये इंजिन एकटं पडतं. जिवंत राहायला त्याला पेट्रोल जाळावं लागतं. गिअरमध्ये उतरती चाकंच त्याला फिरवतात. गाडीतला संगणक ते ओळखतो आणि पेट्रोल बंद करतो. शिवाय गाडी आवरलेली राहते, ब्रेक तापत नाहीत."

घाट संपला. शेवटचा सपाट रस्ता. दवाखान्याच्या फाटकात इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. केतकी पेटी घेऊन धावली.

तीन तासांनी सगुणामावशींनी डोळे उघडले. "शेळ्या कोणी बांधल्या?"

बाहेर पायरीवर केतकीने विचारलं, "तुमच्या वडिलांना हे माहीत नव्हतं?"

"त्यांच्या गाडीत संगणक नव्हता. गाडी बदलली, मी नाही बदललो."

"मग माझी कुठली सवय जुनी होईल?"

"ते तुझ्या नातीला विचार," आजोबा म्हणाले. "आणि ती सांगेल तेव्हा ऐक."