पऱ्ह्यांची पेंडी

त्याचा पाय बांधावर पडला, आणि मी पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या कोवळ्या रोपांची, पेंडी त्याच्यासमोर आपटली. चिखल उडाला तो थेट त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर!

"हे काऊन?" तो दचकलाच.

"रोवण्यात नवखा माणूस आला का बाया त्याची वाट अडवतात जी. काही देल्याबिगर सोडत नाई."

मागे बांधीत, गुडघाभर चिखलात धान रोवणाऱ्या बायका वाकल्या जागीच हसत होत्या. पाऊस चार दिवस झिमझिमत होता, आणि आगाऊपणा करायला मला तेवढं निमित्त पुरे. त्याने खिसे चाचपले… रिकामे. मग खांद्यावरचं दोरीचं वेटोळं काढून माझ्या हातात दिलं. वीत-वीत अंतरावर गाठी मारलेली दोरी.

"हेच हाय माझ्यापाशी."

मी ती घरी नेली आणि वासरू तिला बांधून टाकलं!

दुसऱ्या दिवशी कळलं, तो केवळराम, चांद्याहून आलेला ग्रामसेवक. बोडीच्या, आमच्या लहानशा तळ्याच्या, खालच्या सामाईक शेतीत पोराटोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्या गावाला धानाची नवी रीत शिकवणार होता. पाला कुजवायचा, शेणखत मुरवायचं, आणि दोरीच्या गाठीगाठीशी रोप लावत सरळ ओळीत रोवायचं.

"गोकुळाबाई, माझी दोरी कुठी हाय?"

अख्ख्या गावासमोर विचारलं त्याने! मी धावत जाऊन दोरी आणली. वासराने तीन गाठी चावून पार चोथा केला होता.

"ह्या तीन गाठी तुमीच मारा," तो हसला. "अन् दोरीचं एक टोक बी तुमीच धरा."

माझ्यासाठी ती शिक्षाच होती. रोवण्यात माझ्याइतका चलाख हात गावात कुणाचा नाही. दोरी सरकेपर्यंत मी थांबायचं कसं?

"तुमाले दम निघत नाई का?"

"नाई."

"एवढी कायची घाई हाय?"

एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. त्याने दोरी ताणली की मी गाठीऐवजी त्याच्याकडेच बघायचे, आणि तो दुसरीकडे पाहत असला की जास्तच.

"पोरी, दोरीकडं पाह्य," शेजारून सत्तरीची रुखमाबाई ओरडली. "त्याच्या तोंडाकडं पाहून रोवणा वाकडा होऊन राह्यला!"

ती एक ओळ वाकडी राहिली ती राहिलीच.

धान निसवलं, पिवळं पडलं, आणि माझं चित्त थाऱ्यावर राहीना. दोनदा भात करपला. घागर घेऊन बोडीवर जायचे आणि रिकामीच परत आणायचे. त्यात बाबा म्हणाले, सोमवारी भांदकचे पाहुणे बघायला येताहेत. त्याच आठवड्यात केवळरामच्या बदलीचा कागद आला, थेट सिरोंच्याला. शनिवारी निघणार होता. काही बोलेल, काही बोलेल म्हणून मी वाट पाहिली… त्याने फक्त सगळ्या गावाला रामराम केला. पोरीने आधी बोलावं, हे तर आमच्यात कुणी ऐकलंही नव्हतं. पण गप्प बसले असते तर सोमवारी भांदकची झाले असते.

शनिवारी सकाळी तो पत्र्याची पेटी घेऊन बांधावरून निघाला. मी त्या वाकड्या ओळीतलं मूठभर धान कापलं, पेंडी बांधली आणि त्याच्यासमोर आपटली.

"रोवणा तं कधीचाच झाला," तो थांबला. "आता ही कोनाची रीत?"

"माझी."

तो बघतच राहिला. "मंग… मागा."

"सोमवारच्या आत तुमच्या मायले घेऊन या. माझ्या बाबापाशी."

त्याने पेटी खाली ठेवली, उघडली. आत ती दोरी होती. माझ्या तीन गाठी, ओबडधोबड, जशाच्या तशा!

"कामाले नवी दोरी केली," तो हळूच म्हणाला. "ही टाकून द्याचं जिवावर आलं."

"मंग बोलले काऊन नाई?" मला रडू फुटलं, रागही आला.

"भेव वाटलं जी. तुमची तं घाई असते ना… मले वाटलं, तुमीच आधी बोलाल."

पेटी माझ्यापाशी ठेवून तो मायला आणायला चांद्याच्या वाटेला लागला. वाट जवळची नव्हती, आणि सोमवार दोन दिवसांवर होता. घरात पाय ठरेना.

तो रविवारीच आला, मायला घेऊन. तेव्हा मी बांधावरच होते… सकाळपासून सहाव्यांदा.