रांगेतला नेल्स

"नाक बाहेर आलंय, बाई."

मी मागे वळले. सहा फुटी काठी घेतलेला एक उंच, गोरा मुलगा. करोनाचं साल, रांगेत अंतर राखायचं काम कॉलेजनं त्याला दिलं होतं.

मी मास्क वर ओढला. "आणि तुझी काठी माझ्या खांद्याला लागतेय, त्याचं काय?"

तो हसला असावा... डोळ्यांवरून तेवढंच कळलं.

तो नेल्स. माझ्यासारखाच शिक्षक व्हायला अमेरिकेतल्या आयोवात आलेला. नाकात काडी घालून तपासणी व्हायची, त्या रांगेत तोही माझ्यामागे उभा राहायचा. रोज चिडवायचा. मी रोज त्या रांगेची वाट पाहायची. पहाटेच्या प्रार्थनेतही – देव क्षमा करो – त्याचं नाव यायला लागलं.

नोव्हेंबरात आम्हा भावी शिक्षकांना वर्णभेदावरचं प्रशिक्षण दिलं. वर्गात बसायला बंदी, म्हणून मैदानावर, एका ओळीत. "ज्यांच्या घरी पुस्तकांचं कपाट होतं, त्यांनी एक पाऊल पुढे. दुकानात चौकीदार ज्यांच्या पाळतीवर राहिला, त्यांनी एक पाऊल मागे." अशी वीस वाक्यं. शेवटी नेल्स पार पुढे, आणि मी, ओळीतली एकटी काळी मुलगी, कुंपणाला टेकलेली. त्यानं वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून चिडवणं बंद. "आधी तू जा, डेल्फीन." "माफ कर हं, डेल्फीन." इतका सभ्य, की मला रडू यायचं. आठवड्यानं कॉलेज बंद होणार, सगळे घरी जाणार... आणि हा असाच जाणार?

शेवटी रांगेतच विचारलं, "माझी कीव येते तुला?"

"नाही गं." तो गडबडला. "भीती वाटते. काही चुकीचं बोललो आणि तू दुखावलीस तर..."

"चौकीदाराचं खरंय, नेल्स. ते विसरू नकोस. पण म्हणून मला देव्हाऱ्यात बसवू नकोस. चुकलास तर मी सांगेन. शिक्षिकाच व्हायचंय मला."

रांग जमिनीवर आखलेला एक ठिपका पुढे सरकली. माझा जीव टांगणीला.

"तू या सत्रात शाळेत शिकवायला जातेस, म्हणून तुझी तपासणी रोज," तो हळूच म्हणाला. "माझी आठवड्यातून एकदाच असते."

"मग रोज कशाला येतोस?"

"तू असतेस ना... नाक सोलवटलं माझं."

"वेड्या, सरळ 'आवडतेस' म्हणायला काय झालं होतं?"

"ते काडीपेक्षा जास्त टोचेल असं वाटलं."

तोवर माझी पाळी आली होती. मी इतकी हसले, की खिडकीतल्या नर्सबाईंनी काडी मागे घेतली.

"हसून घे आधी, पोरी," त्या म्हणाल्या. "मग बघू."