कमानीवरची भेग

गावातल्या एका लग्नाच्या आदल्या दुपारी हेस्टर चर्चच्या बाकांना फुलं बांधत होती. तेवढ्यात तिच्या हातावर पांढरी भुकटी पडली. तिनं वर पाहिलं.

वेदीसमोरच्या दगडी कमानीवर सहाशे वर्षांपूर्वीचं चित्र होतं. न्यायाचा दिवस, नरकाचा उघडा जबडा, त्यात माणसं ढकलणारा सैतान. त्याच्या तोंडातून एक भेग निघून खांबापर्यंत उतरली होती. नाताळात ती नव्हती.

चर्चची देखभाल मिस्टर पार्जिटर बघत. तिनं सांगताच ते हसले. "नऊशे वर्षांपूर्वी नॉर्मन लोकांनी बांधलंय हे, पोरी. तुझ्या शिंकेनं पडायचं नाही."

पण तिच्या वर्गातल्या कॅलमनं तिला बाहेर नेलं. नव्या पाइपसाठी पार्जिटरांनी चर खणवला होता, तोही भिंतीला टेकू देणाऱ्या दगडी धिऱ्याला लागून! जुन्या गवंड्यांनी पाया जेमतेम हातभर घेतला होता. चर त्याच्याही खाली गेला होता. धिऱ्याचा एक कोपरा चक्क अधांतरी होता.

भेग वाढते का ते पाहायला दोघांनी खांबावरच्या भेगेवर कागदाची पट्टी चिकटवली. संध्याकाळी घंटांचा सराव झाला. नंतर पाहिलं, तर पट्टी फाटली होती. पार्जिटर म्हणाले, कागद ओला असेल. पाद्रीबाई म्हणाल्या, लग्न होऊ दे, मग कुणाला तरी बोलावू.

दुसऱ्या दिवशी पाहुणे बाकांवर बसू लागले, तसं हेस्टरला राहवेना. अंधाऱ्या गोल जिन्यानं ती मनोऱ्यात चढली. भिंती गार होत्या. लग्नाच्या घंटा कुणाला वाजवता येऊ नयेत म्हणून त्यांचे दोर ती एकेक करून वर ओढू लागली. इकडे ठरल्याप्रमाणे कॅलम आत ओरडत शिरला, की हेस्टर मनोऱ्यात अडकली आहे. झाडून सगळे पाहुणे तिला बघायला बाहेर धावले.

शेवटचा दोर मात्र मनोऱ्याच्या तळाशी कुणीतरी घट्ट धरला.

"चावटपणा पुरे!" खालून पार्जिटर गरजले. "एक घंटा तरी वाजवतोच."

मोठी घंटा दणाणली. मनोरा हलला. हेस्टर दगडाला बिलगली. घंटेचा नाद विरतो न विरतो तोच चर्चमधून ढग गडगडल्यासारखा आवाज आला. जिन्यात धुळीचा लोट घुसला. तिला श्वास घेता येईना. आपण इथेच गाडले जाणार, असं तिला वाटलं.

"हेस्टर! कुठे आहेस? बोल काहीतरी!"

पार्जिटर खोकत वर आले आणि तिला कवेत घेऊन खाली उतरले. पुढच्या बाकांवर अर्धी कमान पडली होती. फुलं दगडांखाली चिरडली होती. माणूस मात्र एकही नव्हता.

लग्न शेजारच्या गावात लागलं. तिथे पाद्रीबाईंनी सगळ्यांसमोर दोघांची पाठ थोपटली आणि पोरांचं आपण ऐकलं नाही, असं कबूलही केलं. पार्जिटर सगळ्यांत मागे उभे होते. पाहुणे पांगल्यावर ते हेस्टरपाशी आले. त्यांच्या भुवयांवर अजून चुना होता.

"सोमवारी गवंडी येतायत," ते म्हणाले. "तू आणि कॅलम या. आणखी कुठे काय दिसलंय ते सांगा. या खेपेला मी ऐकेन."