न ऐकता पाठवलेल्या रेकॉर्डी

आमच्या दुकानाचं छप्पर म्हणजे रेल्वेचा पूल. जपानातल्या कोबे शहरात मोतोमाची स्टेशनापासून पश्चिमेकडे पुलाखाली दुकानांची रांग जाते. तिच्यात एका घड्याळवाल्याच्या आणि एका जुने बूट विकणाऱ्याच्या मधे आमचं जुन्या रेकॉर्डींचं दुकान. दर तीन-चार मिनिटांनी डोक्यावरून गाडी जाते, छतातून चिमूटभर धूळ पडते आणि ग्राहक वर बघतो. वर बघितलं की समजायचं, ग्राहक नवा आहे.

बाबा शहाऐंशी वर्षांचे. काचबिंदूने नजर गेली त्याला दहा वर्षं झाली. तेव्हापासून ते मागच्या टेबलाशी बसतात आणि कानांनी दुकान बघतात. घंटा वाजली की दार उघडलं. जमिनीची दारापासूनची तिसरी फळी कशी करकरते त्यावरून कोण आलं ते कळतं. "निशिवाकी आला. आज डावा गुडघा जास्त दुखतोय वाटतं," असं ते निशिवाकी-साननी तोंड उघडायच्या आधीच जाहीर करतात. निशिवाकी-सान पूर्वी जहाजावर स्वयंपाकी होते. गेली वीस वर्षं दर मंगळवारी येतात, दोन रेकॉर्डी ऐकतात आणि काही न घेता जातात. बदल्यात सोया सॉसमध्ये गोड शिजवलेले बारीक मासे आणतात. "फुकट ऐकणारा मी शेवटचा," ते मला म्हणतात. "मी मेलो की तुम्हाला दुकान बंद करावं लागेल, फुमिए-सान."

दुकान बंद झालं तर बाबांनी माझ्या भावाकडे, टोकियोजवळ साइतामाला जायचं, हे घरात ठरलेलं होतं. त्याचा फ्लॅट नवव्या मजल्यावर आहे आणि खिडक्यांना दुहेरी काचा. बाबा तिथे एकदा चार दिवस राहून आले. परत आल्यावर म्हणाले, "तिथे मी कुठे बसलोय तेच मला कळत नव्हतं."

म्हणून मी फोनवरून विकायला लागले. लोक दुकानात येत, कव्हरचा फोटो काढत आणि बाहेर जाऊन तीच रेकॉर्ड फोनवर मागवत. एका मुलीने तर माझ्यासमोर उभं राहून मागवली आणि जाताना मला वाकून नमस्कारही केला. तेव्हा मनात आलं, दुकान जर फोनच खाणार असेल तर निदान त्याच्या ताटातलं थोडं आपणही घ्यावं. वाचनालयातून पुस्तक आणलं आणि आठवडाभरात शिकले. फोटो काढायचा, अवस्था लिहायची, टाकायचं. पार्सल नाव-पत्ता झाकून जातं. ते कुठे गेलं हे मला कळत नाही, कुठून आलं हे त्यांना कळत नाही. रेकॉर्ड पोचली की घेणारा पसंतीच्या चांदण्या देतो, दोन गोड ओळी लिहितो. मग मी उलट चांदण्या द्यायच्या, की व्यवहार बंद. महिन्याभरात रोजची दहा-बारा पार्सलं जायला लागली. दुकान वाचलं.

अडचण एकच होती. बाबांचा नियम आहे की दोन्ही बाजू पूर्ण ऐकल्याशिवाय रेकॉर्ड दाराबाहेर जाऊ द्यायची नाही. का, हे मी लहानपणी विचारलं होतं. ते म्हणाले, ज्यांच्या दुकानात मी काम शिकलो त्यांचा नियम होता, मी विचारलं नाही. मला वाटायचं हा प्रामाणिकपणाचा भाग असेल, कुठे खरखर आहे ते ग्राहकाला सांगता यावं म्हणून. पण बारा रेकॉर्डी दोन्ही बाजूंनी ऐकायच्या तर दिवसाचे नऊ तास जातात. मी त्या दिव्याखाली तिरक्या धरून नुसत्या डोळ्यांनी तपासायला लागले. बाबांना संशय येऊ नये म्हणून एक रेकॉर्ड लावून ठेवायची आणि तिच्या आवाजाआड बाकीच्या अकरा बांधायच्या.

संध्याकाळी दुकान बंद करताना ते रोज विचारत, "फुमिए, दोन्ही बाजू ऐकल्यास?"

मी म्हणायची, "हो बाबा, ऐकल्या."

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी निशिवाकी-सान दार ढकलून आत आले. दारावरची घंटा हलली. मी तिच्याकडेच बघत होते. ती दोनदा डावीकडे-उजवीकडे झुलली आणि आवाज आला नाही.

फळी करकरली तसे बाबा दचकले. "कोण?" हा प्रश्न त्यांनी दुकानात कधी विचारला नव्हता.

"कोण म्हणजे काय! मासे घेऊन येणारं दुसरं कोण आहे तुला?" निशिवाकी-सान म्हणाले.

बाबा हसले, पण उशिरा.

घंटेचा लोळा जागेवर होता. मी ती काढून हार्डवेअरच्या दुकानात नेली. दुकानदाराने हातात घेऊन हलवली, कानाशी धरली, पुन्हा हलवली. तिथेही मुकीच. तडा नाही, गंज नाही. त्याने ती माझ्या हातात परत ठेवली आणि हात पुसले. मी नवी घंटा घेतली. ती तिथे खणखणीत वाजली. आमच्या दारावर लावली आणि दार ढकललं. झुलली फक्त.

दहा दिवसांनी तिसरी फळी गेली. गेली म्हणजे जागेवरच होती. पाय दिला की आधीसारखीच बोटभर खचायची आणि वर यायची. पण मुकाट. मी तिच्यावर उभी राहून वर-खाली होत होते, वयाला न शोभेल अशी, आणि बाबा चार हात अंतरावर बसून विचारत होते, "फुमिए, तू कुठे आहेस?"

मी कानाच्या डॉक्टरकडे गेले. त्याने बंद पेटीत बसवून तपासलं आणि सांगितलं, तुमच्या वयाच्या बाईचे इतके चांगले कान मी पाहिले नाहीत. एरवी मी हे चार जणांना सांगितलं असतं.

डिसेंबरात एका सकाळी बाबांनी विचारलं, "आज गाड्या बंद आहेत का?"

मी वर पाहिलं. छतातून धूळ पडत होती. त्यांच्या समोरच्या जवाच्या चहावर बारीक वर्तुळं उठत होती. मी जमिनीवर तळवा टेकला, जमीन थरथरत होती. गाडी डोक्यावरून जात होती आणि दुकानात सुई पडली तर ऐकू येईल अशी शांतता होती. मी दार उघडून बाहेर पाऊल टाकलं आणि गडगडाट अंगावर आला. एक पाऊल मागे, तर नाही. शेजारचा घड्याळवाला दारात उभा होता. माझं आत-बाहेर करणं पाहून त्याने विचारलं, काही हरवलंय का.

"हो, बंद आहेत," मी बाबांना सांगितलं. "पुढच्या स्टेशनात काहीतरी बिघाड आहे."

त्यांनी मान डोलावली. मग हाताने टेबलाची कड चाचपली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. साइतामाला भावाच्या घरी ते असंच करायचे.

त्या दुपारी मी पहिल्यांदा ग्राहकांनी लिहिलेल्या ओळी वाचल्या. इतके दिवस मी चांदण्या बघत होते. सगळ्यांनी पाचच्या पाच दिलेल्या. मी न वाचता ठरलेला आभाराचा मजकूर चिकटवत होते आणि व्यवहार बंद करत होते. आमच्याकडे लोक तक्रार करत नाहीत. केलीच तर ती कौतुकात गुंडाळून करतात, इतकी व्यवस्थित की आतलं काही दिसत नाही.

एकाने लिहिलं होतं, पॅकिंग फार सुबक, दुसऱ्या आणि तिसऱ्या गाण्याच्या मधे दाराची घंटा वाजते, आम्ही उभयता दचकलो, मजा वाटली. तारीख त्या मंगळवारची. दुसऱ्याने लिहिलं होतं, शांत जागी लाकडी जमीन करकरल्यासारखा आवाज आहे, जुन्या वस्तूंची हीच गंमत. तिसरीकडे काल रात्रीची वेळ होती. पियानो चालू असताना वरून आगगाडी जाते, किती खरी वाटते, धन्यवाद.

घंटेवाल्या गृहस्थांना मी विनंती केली आणि त्यांनी रेकॉर्ड परत पाठवली. दोन दिवसांनी आली. दुकानात लावली. दुसऱ्या आणि तिसऱ्या गाण्याच्या मधे काही नव्हतं.

ती तशीच उचलून मी निशिवाकी-सानच्या खोलीवर गेले. त्यांनी चष्मा लावला, सुई ठेवली. दुसरं गाणं संपलं आणि घंटा वाजली. आमची, किंचित बसक्या आवाजाची.

निशिवाकी-साननी सुई उचलली. मग म्हणाले, "हे तुमचं दार आहे."

"हो."

"अजून किती पार्सलं बाहेर आहेत?"

वाटेत किंवा नुकतीच पोचलेली सव्वीस होती. मी त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसून सव्वीस जणांना लिहिलं. चुकून सदोष रेकॉर्ड पाठवली आहे, कृपया वाजवू नका, परत पाठवा, खर्च माझा. खोटं लिहिणं जड गेलं नाही. सवय झाली होती. निशिवाकी-सान उत्तरं मोजत होते, मला नको तेवढा चहा पाजत होते. अंधार पडेपर्यंत एकोणीस जण हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी आणखी सहा. प्रत्येकाने माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं.

राहिला एक. नाव नाही, पत्ता नाही. चित्राच्या जागी एका मांजराची पाठ. पार्सल पोचलं होतं, निरोप वाचला गेला नव्हता. ती एका गायिकेची जुनी रेकॉर्ड होती. दिव्याखाली आरशासारखी दिसली होती, म्हणून मी ती सगळ्यात कमी वेळ पाहिली होती.

मी फोनवरचं दुकान बंद केलं. बाबांना काही सांगितलं नाही. त्यांच्या जवळ बसून राहिले आणि दुकानात अजून काय वाजतंय ते मोजत राहिले. किटलीचं झाकण. कॅलेंडरचं पान. त्यांच्या लोकरी बाहीचा टेबलावर घासल्याचा आवाज. रोज सकाळी सगळं एकदा वाजवून बघायची. चार दिवस सगळं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी बाबा म्हणाले, "आज काही बांधत नाहीस."

"सुट्टी घेतली."

"बरं केलंस. ती एकच रेकॉर्ड दिवसातून चार-चार वेळा ऐकून मला कंटाळा आला होता."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"मग बोलला का नाहीत?"

"तू माझ्यासाठी करत होतीस. काय बोलू?" त्यांनी चहाचा पेला दोन्ही हातांत धरला. "साइतामाला गेलो असतो तर तुला हे करावं लागलं नसतं. पण मला वाटलं, इथे निदान मी"

ओठ हलत राहिले.

पेला त्यांनी खाली ठेवला. त्याचा आवाज आला. किटलीचं झाकण थडथडत होतं. बाबा बोलत होते, सावकाश, समजावून सांगतात तसं. एका हाताचं बोट टेबलावर टेकवून. वाक्य संपवून ते थांबले.

त्यांना कळलं नव्हतं. की कळलं होतं? त्यांनी हात गळ्याशी नेला.

मी त्यांना उठवून बाहेर घेऊन गेले. मुक्या फळीवरून, मुक्या दारातून, रस्त्यावर.

वरून गाडी आली. गडगडाट झाला तसा बाबांनी चेहरा वर केला. कितीतरी दिवसांनी ते हसले आणि माझा दंड धरून काहीतरी म्हणाले.

गाडी निघून गेली. ते पुन्हा तेच म्हणाले. घड्याळवाल्याच्या दुकानातली घड्याळं ऐकू येत होती, बाबांचा आवाज नाही.

मी त्यांना परत आणून खुर्चीवर बसवलं. तेवढ्यात एप्रनच्या खिशात फोन थरथरला. मांजराच्या पाठीने पाच चांदण्या दिल्या होत्या.

"प्रवासाला गेले होते, कळवायला उशीर झाला, क्षमा असावी. आज दुपारी लावली. अवस्था लिहिल्याप्रमाणेच. दुसऱ्या बाजूच्या शेवटी गाणं संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ विचारतात, 'फुमिए, दोन्ही बाजू ऐकल्यास?' त्यावर एक बाई म्हणते, 'हो बाबा, ऐकल्या.' किती प्रेमळ आवाज आहेत दोन्ही. आपला निरोप आत्ताच वाचला, पण ही मी परत करणार नाही. जपून ठेवीन."

खाली व्यवहार बंद करायचं बटण आहे. ते मी दाबलेलं नाही.

बाबांनी माझा हात धरला आहे आणि चेहरा माझ्याकडे वळवला आहे. त्यांनी काहीतरी विचारलंय. ओठांवरून मला कळलं काय ते, आणि ते उत्तराची वाट बघतायत.

मी अजून तोंड उघडून पाहिलेलं नाही.