दोन सीटच्या गाडीत पाळणा

"ताई, एवढी दोरी धरता का जरा?"

शिरढोण फाट्यावर, रविवारी सकाळी अकराच्या सुमारास, ज्या माणसाची चोरून चौकशी करायला मी आले होते, नेमकी त्यानंच मला हाक मारली. मी तोंडाला स्कार्फ घट्ट गुंडाळला होता. घरी सांगितलं होतं, शिंप्याकडे जातेय.

विश्वजीत. दयारामकाकांनी आणलेलं स्थळ. फोटो, पत्रिका सगळं आवडलं होतं आईला, आणि आज बारापर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं, कारण मुलाच्या घरी दुसरी मुलगीही सांगून आली होती. पण माझा आता कुणावर विश्वासच बसत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या लग्नाच्या पत्रिका छापून झाल्या होत्या. तेव्हा कळलं, की नवरदेवाची नोकरी जाऊन दहा महिने झालेत आणि हा रोज डबा घेऊन बागेत बसतोय. मग सगळे म्हणाले, "रेवा, नीट चौकशी करायला हवी होती." म्हणून या वेळी मीच निघाले.

आणि समोर काय... तर लाल, बुटकी, दोन सीटची स्पोर्ट्स कार. टप उघडा. डिकीवर एक भलामोठा सागवानी पाळणा आडवा घातलेला, त्याचे पाय पार सीटांच्या मधोमध आलेले.

पाळणा! बायोडेटात तर अविवाहित लिहिलं होतं.

"कुणाचा हा?" मी दोरी धरत विचारलं.

तो क्षणभर माझ्याकडे बघतच राहिला. "बाळाचा."

"ते दिसतंय. बाळ कुणाचं?"

"दिपिकाचं."

बायोडेटात दिपिका नावाची कुणीही नव्हती. मी गाठ जरा जास्तच जोरात ओढली.

"वळणावर घसरतो हा," तो म्हणाला. "गावापर्यंत कुणी धरून बसलं तर बरं होईल. तुम्हाला कुठे जायचंय?"

"तिकडेच," मी थाप मारली. गाडीचा नंबर अनुयाला, माझ्या मैत्रिणीला, पाठवला आणि बसले.

पाळण्याच्या दांड्या आम्हा दोघांच्या मधे. मी एका हातानं मागे पाळणा धरलेला, तोंडानं उलटतपासणी चालू.

"ही असली गाडी कशाला घेतली?"

"विमानतळात जमीन गेली, मोबदला मिळाला, तेव्हा घेतली. तेवीस वर्षांचा होतो, अक्कल कमी होती. आता विकायला काढली तर कुणी घेईना. म्हणून हिच्यातूनच सगळं नेतो. खताच्या गोण्या, आत्याचं कपाट... एकदा बकरीसुद्धा."

"बकरी? ती कुठे बसली?"

"तुमच्या जागेवर. ती इतके प्रश्न विचारत नव्हती."

मला स्कार्फच्या आत हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. मागचाही असाच गोड बोलायचा.

स्पीडब्रेकर आला. पाळणा घसरला, तसा त्याचा हात झटकन मागे आला – माझ्या बोटांच्या अगदी शेजारी. लागला नाही. लगेच मागे गेलासुद्धा. आणि खरं सांगते, तो गेला त्याचं मला वाईट वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. दिपिका! त्यानं स्पीकरवर घेतला.

"अरे, कुठे राहिलास? बाळ उठलंय, सगळ्या बायका जमल्यात."

"आलोच. रडवू नकोस गं माझ्या राजाला."

माझ्या राजाला! संपलं, म्हटलं. बाराची वाट कशाला बघायची, आत्ताच नाही म्हणून कळवावं. आणि मग डोळे का चुरचुरत होते, देव जाणे.

गाडी एका तोरण लावलेल्या घरापुढे थांबली. ओटीवर बाळाला घेऊन एक मुलगी बसली होती. तिच्याशेजारचा माणूस धावत आला. "दिपिका, पाळणा आला बघ! बाळा, तुझे मामा आले." तो तिचा नवरा होता. विश्वजीत तिचा आतेभाऊ... नव्हे, मामेभाऊ. मला नातंसुद्धा सुचेना, इतकं हायसं वाटलं.

मागून दिपिकाची आई आली, विश्वजीतची सखूआत्या. स्कार्फवरचे माझे डोळे निरखून म्हणाली, "आगो, ही तर फोटोतली रेवा हाय! हिला बारशाला आनलीस का रं?"

विश्वजीत मुळीच दचकला नाही. मी स्कार्फ सोडून त्याच्याकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"दोरी धरलीत तेव्हाच कळलं. फोटोतही तुम्ही अशाच बघता, समोरच्यानं काहीतरी चोरल्यासारखं."

"ताई म्हणालात की मला!"

"त्यानंतर एकदा तरी म्हणालो का?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही चौकशीला आलात. म्हटलं, होऊ द्यावी."

"म्हणजे सगळी उत्तरं तयार करून दिलीत." माझा आवाज चढला. "मी कशावर विश्वास ठेवायचा?"

त्यानं पाळण्याची दोरी सोडायला घेतली. मग म्हणाला, "एक तुम्ही विचारलंच नाहीत. बायोडेटात पदवीधर लिहिलंय. ते वडिलांनी लिहिलं. मी शेवटच्या वर्षाला दोनदा नापास झालो... पुन्हा बसलोच नाही."

"गप रं!" सखूआत्यानं त्याच्या दंडाला चिमटा काढला. "आताच कशाला सांगतंस? लगीन तरी होऊ दे."

"नाही आत्या. मग ती फसवणूक झाली."

ओटीवरच्या बायका टकामका बघत होत्या. त्याचे कान लाल झाले होते. मागच्याला दहा महिन्यांत जे जमलं नाही, ते यानं सगळ्यांदेखत सांगून टाकलं, तेही मी न विचारता. मला तो त्या क्षणी आवडला. खूप आवडला.

माझा फोन वाजला. आई.

"रेवा, अगं बारा वाजत आले. काका थांबलेत, काय कळवू? एवढा शिकलेला मुलगा आहे, आता उगाच खोट काढत बसू नकोस."

"शिकलेला नाही, आई. नापास आहे. दोनदा."

तो मान खाली घालून उभा होता.

"होकार कळव," मी म्हणाले.